बाबांच्या फोटोला हार

माझ्या बाबांना मीच मारलं, आणि तेही ऐन ॲडमिशनच्या आठवड्यात.

बाबांचे लातूरला क्लासेस आहेत. क्लासला नाव त्यांच्या थोरल्या भावाचं, भूकंपात गेलेल्या, गणित शिकवणाऱ्या माझ्या काकांचं. गणिताचे सर समोरच्या मोठ्या क्लासनं नेले होते, महिन्यापूर्वी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि यंदा पोरं आली नाहीत तर क्लास बंद, असं ते जेवताना शांतपणे म्हणाले होते. म्हणून मी वेबसाइट करायचं ठरवलं.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. मला प्रोग्रॅमिंगची ‘गो’ ही एकच भाषा धड येत होती. ती सर्व्हरच्या पोटातल्या कामांची. डोळ्यांना दिसणारं पान लोक दुसऱ्या साधनांनी करतात. ती साधनं मला येत नव्हती (कुणाला विचारायचं तर बोलावं लागतं). मी अख्खं पान प्रोग्रॅममध्येच लिहिलं. त्यामुळे एक वेलांटी बदलायची तरी सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून, इंटरनेटवर चढवायचा.

शिक्षकांच्या फोटोंसाठी एकच लूप होता, म्हणजे एकदा लिहिलेलं प्रत्येक फोटोला लागायचं. काकांच्या फोटोला हार आणि नावाआधी ‘कै.’ हवं होतं. ते घातलं. ‘फक्त काकांसाठी’ ही अट घालायची राहिली. पान चढवून मी लातूरची एसटी धरली.

अहमदपूरच्या अलीकडे आईचा फोन आला.

"अगं, बाबांना हार कुणी घातला?"

"कुठे?"

"तुझ्या पानावर. केमिस्ट्रीच्या सरांनाही घातलाय. फॉर्म भरून गेलेले मुरुडचे पालक आलेत, पांढऱ्या कपड्यांत. दार बाबांनीच उघडलं."

फोन बाबांनी घेतला. "फॉर्म परत मागायलेत. मी समोर उभा हाय, तरी मागायलेत."

"का?"

"म्हणतात, सर, आज तुम्ही हायत, पण कोर्स दोन वर्षांचा हाय."

त्यांनी फोन ठेवला.

मी अहमदपूरच्या स्टँडवर उतरले. लॅपटॉपची बॅटरी चार टक्के. अट लिहून तपासायला वेळ नव्हता, म्हणून हार आणि ‘कै.’ लावणारी ओळच खोडली. कंपाइलर अडला. गोमध्ये एखादी गोष्ट जाहीर करून वापरली नाही तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हार आणलाय, पण घातला नाही.

शेजारच्या बाई वाकून बघत होत्या. "कोण गेलं, बाई?"

"कुणी नाही."

"मग रडायलीस कशाला?"

हार कायमचा काढला. पान चढलं आणि लॅपटॉप विझला.

घरी पोचले तेव्हा ते पालक चहा पीत होते. पानावर सगळे जिवंत झाले होते. काकासुद्धा. हार नाही, ‘कै.’ नाही, तरुण हसरा चेहरा आणि खाली ‘गणित’.

"फॉर्म राहू द्या," पालक काकांवर बोट ठेवून म्हणाले. "पण पोराला गणिताला हे सर पाहिजेत. तब्येतीनं बरे दिसायलेत."

बाबांनी त्यांचं बोट फोटोवरून हळूच बाजूला केलं. "हे माझे दादा. भूकंपात गेले."

पालकांनी कप खाली ठेवला. "मग गणित कोण घेणार?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ती ‘फक्त काकांसाठी’ची अट मी अजून लिहिलेली नाही. वेळ मिळत नाही, असं सांगते. दर रविवारी काकांच्या जागी उभी राहून गणित शिकवते, आणि दर रविवारी मागच्या बाकावरून तेच येतं, "मॅडम, आवाज येईना."