सावद्याची कावळीण आणि टोप्यांचा दुकानदार

मामा गेल्याचं कार्ड मंगळवारी सकाळी आलं. कोपरा फाडलेला, म्हणजे मजकूर वाचायचीही गरज नव्हती. धुळ्यात माझं टोप्यांचं दुकान, आणि लग्नसराई ऐन भरात. ‘सवड नाही’ म्हणत सहा वर्षं सावद्याला गेलो नव्हतो. आता पाच मिनिटांत दुकानाच्या फळ्या लावल्या. बायको रडत होती, मी पिशवी भरत होतो.

जळगावची मोटार पारोळ्याला अर्धा तास थांबते. तिथे चहा घ्यावा, भजी घेऊ नयेत, ती कालची असतात. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तोंड काबर उतरेल शे?” मी मामांचं सांगितलं. “मंग पुढे बठा मन्हाजोडे,” म्हणत मला शेजारी बसवलं आणि पुढे जळगावपर्यंत एकदाही भोंगा वाजवला नाही. जळगावला आगगाडी, भुसावळला बदलायची, सावदा स्टेशनवरून गावात टांगा. टांगेवाले दुप्पट सांगतात, निम्म्यावर येतात. दोन्ही बाजूंना केळीच केळी. दुःखात होतो, पण खोटं कशाला बोलू, डोळे निवले.

दारात एक बोडका म्हातारा उभा होता, डोक्याला हळदीची पट्टी. मी विचारलं, “नानामामांचं घर हेच ना?”

“अरे बाळू, मीच तर हाये!”

मी मटकन ओट्यावर बसलो. आत मामी आमरस वाढताना सांगू लागली, “यांच्या डोक्याले कावळा शिवला ना रे! मंग मेल्याचं कार्ड धाडा लागते. नात्यातले रडले का गंडांतर टळते. जिवंत असल्याचं दुसरं कार्ड बी टाकलं, पन तू त्याच्या आधीच निंघाला.”

मला हसावं की भांडावं कळेना. मामा मात्र हसत नव्हते. कावळा एकदा नाही, तीनदा शिवला होता. आठ दिवस ते घराबाहेर पडले नव्हते. बागेत घड पिकून चालले होते. माझा हात धरून म्हणाले, “आता काही टळत नाही. मामीकडे पाह्यशीन ना?”

पण अंगणातल्या निंबावर घरटं दिसलं आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी गिऱ्हाईक टोपीवरून ओळखतो, तसाच कावळाही मामांचं लाल पागोटं ओळखत असणार! दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पागोटं घालून मी झाडाखाली उभा राहिलो. काही नाही. शेजारच्या दोघांना तेच घालून उभं केलं. काही नाही. मग मामांना कसंबसं समजावून माझी काळी टोपी, माझा कोट चढवून बाहेर आणलं. चार पावलं, आणि फडाफड! टोपी थेट गोठ्यात!

मला तर नाचावंसं वाटलं. मामांच्या तोंडावर उपरणं गुंडाळून पुन्हा बाहेर नेलं. कावळीण फांदीवर बसून राहिली, चोच पुसत. शेजारी टाळ्या पिटू लागले. कपडे नव्हे हो, तिला चेहरा ठाऊक होता!

“मामा, काय केलंत हिचं?”

उपरण्याआडून बारीक आवाज आला. “गेल्या वैशाखात गोठ्यासाठी फांदी तोडली. घरटं खाली पडलं. दोन पिल्लं व्हती.”

“मग हा यम नाही, मामा. ही आई आहे.”

ते तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून निंबाच्या बुंध्याशी भाकरी कुस्करून ठेवली, आणि तोंड झाकूनच बागेत घड उतरवायला गेले. मी मागोमाग. ती केळी झाडाखालीच खावीत, स्टेशनवरची आणि ती यांची जात एकच असली तरी चव एक नाही.

गुरुवारी घरी पोचलो. बायकोने हसत दुसरं कार्ड पुढे केलं. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’

दुकान उघडलं, पण मन लागेना. त्या पाखराने वर्षभरानंतर शंभर पागोट्यांतून एक चेहरा बरोबर हेरला. मी ज्यांच्या कडेवर वाढलो ते दारात उभे होते, आणि मी त्यांनाच त्यांच्या घराचा पत्ता विचारला. मला लाज वाटली, अजून वाटते.

कोपरा फाडलेलं ते कार्ड गल्ल्यावर लावून ठेवलंय. दिवाळीत दुकान बंद राहील, सावद्याला जायचंय.