आईच्या बांगड्या आणि सात फिल्टर

माझ्या डॅकमध्ये सात फिल्टर आहेत आणि त्यातला कुठला लावावा हे मला अजूनही कळलेलं नाही. डॅक म्हणजे कंप्युटरमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून देणारी एक काळी डबी, साबणाच्या वडीएवढी. तिच्यावर एक बटण आहे. दाबलं की फिल्टर बदलतो आणि दिव्याचा रंग बदलतो. आवाज बदलतो की नाही, हे मी सांगू शकत नाही. सोमवारी बदलल्यासारखा वाटायचा, मंगळवारी नाही.

हा नाद मला गाण्यांसाठी लागला असं मी घरी सांगत असे. ते खरं नव्हतं. मी चार महिने एकच फाइल ऐकत होतो. सव्वासहा मिनिटांची. त्यात माझी आई पाळणा म्हणते.

पाळणा माझ्या भाचीच्या बारशाचा, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा. आई विहारातल्या महिला मंडळाची गाणारी होती. कुणाचंही बारसं असलं की तिला बोलावणं यायचं, आणि ती प्रत्येक पाळण्यात त्या घरातल्या माणसांची नावं स्वतः गुंफायची. स्वतःच्या नातीच्या बारशाला तिने सगळ्या खानदानाला त्यात बसवलं. ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, ते टेपवर घेतलं. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या भाचीला यंदा मूल होणार होतं आणि ताईच्या मनात एकच गोष्ट होती. पणतवंडाच्या बारशाला पाळणा पणजीने म्हणायचा.

"तुझ्याकडे कंप्युटरमध्ये आहे ना? तो घेऊन ये," ती म्हणाली.

मी मुलुंडहून लॅपटॉप घेऊन घाटकोपरला तिच्या घरी गेलो आणि फाइल लावली. ताईने डोळे मिटून सगळी ऐकली. मग म्हणाली, "बांगड्या कुठायत?"

"कसल्या बांगड्या?"

"आईच्या रे. दोरी ओढताना हातभर काचेच्या बांगड्या वाजायच्या. कॅसेटवर होत्या. मी शंभरदा ऐकल्यात."

मला लगेच कळलं होतं. तरी मी म्हणालो, "फिल्टरचं असेल काहीतरी. सेटिंग बघावं लागेल."

आता सांगतो काय झालं होतं ते. आमच्या घरी पहिला कंप्युटर आला तेव्हा ताईने कॅसेट माझ्याकडे दिली, यात उतरवून ठेव म्हणून. रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये दर्जा निवडायला तीन पर्याय होते: टेलिफोन, रेडिओ, सीडी. मी टेलिफोन निवडला. माझा विचार असा की आई काय, गाते आहे. फोनवर तिचा आवाज नीटच येतो की. डिस्क लहान होती. त्याच डिस्कवर मित्रांकडून आणलेली सिनेमातली गाणी मात्र मी सीडीच्या दर्जात साठवत होतो. ती गाणी आज कुणालाही कुठेही मिळतात.

पुढे आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घर खाली करताना कॅसेटींचं पोतं मी भंगारात दिलं. ती कॅसेट त्यात होती. मला माहीत होतं. कंप्युटरमध्ये आहे ना, असं म्हणून मी पोत्याचं तोंड बांधलं. ताईने कॅसेट परत मागितली तेव्हा सांगितलं, बुरशी लागली होती, टाकावी लागली. ती म्हणाली, "बरं झालं तू आधीच उतरवून ठेवलीस." हे वाक्य मी इतकी वर्षं खिशात घेऊन फिरतोय.

तर ताईला मी "बघतो" म्हणालो आणि खरोखरच बघायला लागलो. ही डबी आणली. रात्रंदिवस यावर भांडणारी मंडळी इंटरनेटवर आहेत, त्यांचं वाचलं. एक म्हणे, फिल्टर तीव्र हवा. दुसरा म्हणे, तीव्र फिल्टरमध्ये आवाजाच्या आधीच त्याची बारीक सावली येते, म्हणून सावली नंतर पाडणारा घ्या. तिसरा म्हणे, तुम्ही दोघेही बहिरे आहात. मग अपसॅम्पलिंग. कंप्युटरमध्ये आवाज ठिपक्याठिपक्यांनी साठवलेला असतो; दोन ठिपक्यांच्या मध्ये हिशेबाने आणखी ठिपके मांडायचे, म्हणजे अपसॅम्पलिंग. ते दुप्पट करावं, चौपट करावं की सोळापट, यावर पुन्हा भांडण. मी रविवारी दुपारी हेडफोन लावून बसायचो आणि वहीत लिहायचो: तिसरा फिल्टर, चौपट, आई जवळ वाटते. पुढच्या रविवारी त्याच सेटिंगला लिहायचो, आई लांब वाटते. बायको म्हणाली, "सासूबाई असताना एवढं ऐकलं असतंत तर!" मी हेडफोन पुन्हा कानावर चढवले.

मग एका रविवारी अपसॅम्पलिंगच्या प्रोग्रॅममधला सगळ्यात शेवटचा पर्याय लावून पाहिला. त्यात हिशेब वगैरे काही नाही, जुनाच ठिपका चार वेळा मांडायचा, वर फिल्टर नाही. आणि आईच्या आवाजावर काहीतरी चमकलं. काचेसारखं. किणकिण म्हणावी असं.

मी ते तसंच दुसऱ्या फाइलमध्ये उतरवून ताईकडे नेलं. तिने ऐकलं आणि माझा हात धरला. "आल्या! आल्या बघ!" तिने तिथल्या तिथे ती फाइल मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, पाठवायला लावली. मला म्हणाली, "झकास काम केलंस रे." मी चहा न घेता निघालो.

कारण मला खात्री नव्हती. साकीनाक्याला माझा एक शाळासोबती आहे. त्याचा गाळा आहे, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्याकडे दोन्ही फायली नेल्या. त्याने त्या ऐकल्या, मग स्क्रीनवर आलेख काढून बघितला.

"हे काय फोनवरून रेकॉर्ड केलंस काय? इथे बघ, भिंत आहे. हिच्या वर, बारीक उंच आवाज असतात तिथे, काहीच नाही."

"आणि दुसरीत?"

"दुसरीत आरसा आहे. खालचाच आवाज उलटा होऊन वर दिसतोय. फिल्टर असतो कशाला? हा आरसा झाकायला. तू फिल्टरच काढलास, यार."

"म्हणजे त्या बांगड्या नाहीत?"

"कसल्या बांगड्या! ही तुझ्या आईच्या सुरांचीच किरकिर आहे. नीट ऐक ना, झोक्याबरोबर वाजतंय का? शब्दांबरोबर वाजतंय." मग माझ्याकडे बघून जरा हळू बोलला. "गिरणीतून पीठ चाळून आणलंस, कोंडा तिथेच टाकून आलास. आता घरी बसून चाळण्या बदलतोयस. सात काय, सत्तर आण. कोंडा येणार कुठून?"

ताईला हे सांगायचं की नाही, यात माझे तीन आठवडे गेले. तिला कधीच कळलं नसतं. ती खूश होती. तिचं खूश असणं खोटं नव्हतं, फक्त ज्यावर ती खूश होती ते खोटं होतं. मला नीट मांडता येत नाही. तेवढ्यात भाचीला मुलगी झाली आणि बारशाचा दिवस ठरला.

मी गेलो तेव्हा ताई बाळंतिणीसाठी लाडू करायला खारका फोडत बसली होती. मी समोर बसलो.

"ताई, त्या बांगड्या नाहीत."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. आरसा, टेलिफोन, सिनेमाची गाणी. शेवटी पोतं. "बुरशी लागली नव्हती गं. मी दिली भंगारात. माहीत असून दिली."

तिने आणखी दोन खारका फोडल्या. मग म्हणाली, "आत्ता कशाला सांगितलंस? मला कळलं असतं का कधी?"

"नसतं."

"मग?"

"राहवलं नाही."

"तुला राहवलं नाही. म्हणजे हलकं तू झालास. आता मी काय करू? त्या बांगड्या मी ऐकल्या होत्या रे. तुझ्या त्या आरशात मला आईचा हात दिसला होता. आता तोही गेला."

सांगितलं हे चांगलं केलं की स्वतःची सुटका करून घेतली, मला आजही ठरवता येत नाही.

खारकांचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "खरं कुठलं, ते लाव." मी पहिली फाइल लावली, मळकट, फोनवरून आल्यासारखी. तिने पूर्ण ऐकली. डोळे मिटले नाहीत.

"बारशाला हेच लावायचं. आणि तू लावायचंस. कुणी विचारलं आवाज असा का, तर मी काही सांगणार नाही. तू सांग."

बारशाला हॉल भरलेला होता. मी कोपऱ्यात स्पीकरजवळ उभा राहिलो. आईचा आवाज सुरू झाला आणि बायका गप्प झाल्या. दुसऱ्या कडव्यात मावशी काठी टेकत माझ्याजवळ आली.

"काय रे, मागे पाठवलंस त्यात तर बांगड्या वाजत होत्या. आज कुठे गेल्या?"

"त्या खऱ्या नव्हत्या, मावशी. मूळ कॅसेट मी टाकून दिली. उतरवतानाच मी वाट लावली होती." माझा आवाज बहुतेक मोठा झाला असावा. पुढच्या दोन रांगांतल्या बायकांनी मागे वळून पाहिलं.

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाढव आहेस," ती म्हणाली. "बरं, आवाज वाढव. माझं नाव येईल आता."

ताई पाळण्याजवळ उभी होती. तिने ऐकलं होतं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी आवाज वाढवला.