बैठकीचा विमा

आमच्या कल्याणच्या मालधक्क्यावर अपघाताचा विमा आला, तो साहेबाच्या तोंडून आला. मी तेव्हा तिथल्या रेल्वेच्या माल-कचेरीत नवा कारकून होतो. रत्नागिरीकडचं गाव सोडून, चार इयत्ता इंग्रजी शिकून आलेलो. आगगाडीच्या शिट्टीने अजून दचकत होतो. एके दुपारी साहेबाने कारकून, रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, हमाल अशा सगळ्यांना धक्क्यावर उभं केलं आणि स्वतः मिठाच्या गोणीवर चढून तो इंग्रजीत बोलायला लागला. खाली उभं राहून त्याचं मराठी करायचं काम आमच्या हेडक्लार्कांकडे होतं.

हेडक्लार्कांना आम्ही सगळे रावसाहेब म्हणायचो. तो किताब सरकारने दिलेला नव्हता, आम्हीच दिला होता. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, अंगाने चांगलेच भरलेले, आणि बोलणं इतकं सरळ की खोटं कसं बोलतात हे त्यांना कुणी शिकवलंच नसावं.

साहेबाचं म्हणणं असं होतं : कामावर असताना कुणाला अपघात झाला, तर डॉक्टरचा आणि औषधाचा खर्च मिळेल. दुखण्यामुळे कामावर येता आलं नाही, तर बरं होईपर्यंत अर्धा पगार घरबसल्या मिळेल. हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला, तर ठरलेली रक्कम मिळेल. यासाठी कुणी एकट्याने काही करायचं नाही. सगळ्या धक्क्याचा मिळून एकच विमा, आणि त्याचा हप्ता कंपनी भरणार.

रावसाहेबांनी घसा खाकरला. "ऐका रे. गलबतातल्या मालाचा विमा असतो, ठाऊक आहे ना? तसा आता तुमचा उतरवलाय."

"आमी माल उचलताव, रावसायब," एक म्हातारा हमाल म्हणाला. "आमी माल नाय."

"आजपासून आहात असं समजा."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने पुन्हा हात वर केला. "सायबाला इचारा, दोनी पाय गेलं त पैसं घ्यावाला येवाचा कसा?"

रावसाहेबांनी हा प्रश्न शब्दशः इंग्रजीत घातला. साहेब गोणीवर उभ्याउभ्या विचारात पडला. विमा करणाऱ्यांनी बहुधा त्याला हे सांगितलंच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दोन्ही पाय गेले तर पैसे घरी पोचते करू." यावर जी टाळी पडली, तशी साहेबाच्या कुठल्याही भाषणाला पुढे पडली नाही. एक पाय गेला तर स्वतः लंगडत यायचं आणि दोन गेले तर घरपोच, म्हणजे दोन गेलेलेच बरे, असा हिशेब हमालांच्या घोळक्यात बराच वेळ चालू होता.

थोड्याच दिवसांत एक एडका आला. झुंजीचा, काळा, वळलेल्या शिंगांचा. नाशिककडच्या कुठल्याशा बंगल्यावर त्याला पोचवायचं होतं. जनावरं न्यायची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, काही त्या दिवशी आली नाही, आणि आणणारा माणूस तर दोर खांबाला बांधून निघूनही गेला. रावसाहेबांनी थोडा विचार केला आणि एडक्याची माल म्हणून नोंद केली. मालाला चिठ्ठी लागते. त्यांनी खळ लावून चिठ्ठी स्वतःच्या हाताने एडक्याच्या उजव्या शिंगावर चिकटवली. एडका निमूट उभा होता. चिठ्ठी नीट बसली की नाही हे पाहायला ते दोन पावलं मागे सरले, तेवढ्यात ती सुटली आणि वाऱ्याने त्यांच्या मागे जाऊन पडली. ती उचलायला रावसाहेब पाठमोरे होऊन वाकले.

दोर बराच लांब होता, हे तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

रावसाहेब हवेत गेले असं मी म्हणणार नाही, त्यांच्या वजनाला ते शक्य नव्हतं. पण ते पुढे निघाले आणि कापसाच्या गठ्ठ्यांवर पालथे पडले. पगडी त्याही पुढे गेली. मी धावलो.

"रावसाहेब, कुठं लागलं?"

"विचारू नकोस."

"पण कुठं?"

"अरे, विचारू नकोस म्हणतोय ना!"

आरडाओरडा ऐकून साहेब आला. रावसाहेब तोंड गठ्ठ्यात खुपसून पडलेले, म्हणून त्याने मलाच विचारलं, इजा कुठे झाली? शाळेत मला डोकं, हात, गुडघा, कोपर यांचं इंग्रजी शिकवलं होतं. या अवयवापर्यंत आमचे मास्तर आले नव्हते. मी सगळी विद्या गोळा करून म्हटलं, "बिहाइंड, सर."

साहेबाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि तो पुन्हा मागे वळला. शेवटी म्हाताऱ्या हमालाने स्वतःच्या अंगावर थाप मारून जागा दाखवली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

खरा पेच पुढे होता. विम्याच्या नियमांत गाडी, वाघीण, यंत्र किंवा माल यांच्यामुळे झालेली इजा, असे शब्द होते. जनावराचं नाव कुठेच नव्हतं. साहेबाने खेदाने मान हलवली. "एडका बसत नाही यात."

रावसाहेबांनी गठ्ठ्यातून मान वर केली. "साहेब, तो एडका नाही. तो माल आहे. सकाळीच मी त्याची माल म्हणून नोंद केलीय."

"मालाला शिंगं नसतात."

"या मालाला आहेत."

साहेब एडक्याकडे बघत राहिला. एडका ती खाली पडलेली चिठ्ठी चघळत होता. कंपनीच्या हेडक्लार्कने कंपनीच्या कायद्याप्रमाणे केलेली नोंद खोटी म्हणायची, तर सबंध धक्का खोटा ठरतो. साहेबाने ठाण्याच्या डॉक्टरला तार करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. गोरा, घाईतला, पण स्वभावाने बरा होता. इतका वेळ गेल्यावरही रावसाहेबांना खुर्चीत टेकता येत नव्हतं. डॉक्टरने अवयवांचा तक्ता काढला. हात होता, पाय होता, डोळा होता, अंगठासुद्धा होता. हवी ती जागा नव्हती.

"कायमची गेली नाही ना?" त्याने विचारलं. "जागेवर आहे?"

"आहे," रावसाहेब म्हणाले, "पण उपयोगाची राहिली नाही."

"मग कायमचं अपंगत्व नाही. तात्पुरतं असेल, तर मला बघावं लागेल."

"ते व्हायचं नाही."

"का?"

"मी हेडक्लार्क आहे."

डॉक्टरने समजावून पाहिलं, साहेबानेही पाहिलं. न बघता औषध देता येत नाही, आणि डॉक्टर सांगेल तेव्हाच खर्च आणि अर्धा पगार सुरू होतो. रावसाहेब भिंतीला पाठ लावून उभे राहिले, म्हणजे मागून कुणी येण्याचा प्रश्नच मिटला. मग त्यांनीच तोड काढली. वाघिणींवर खुणा करायचा खडू त्यांनी उचलला आणि मला म्हणाले, "इकडे ये. पाठ कर."

"मी?"

"तुला काय झालंय? तुला तर काही लागलं नाही."

असं म्हणून त्यांनी माझ्या धोतरावर, नेमक्या जागी, खडूने एक वर्तुळ काढलं. मग थोडं मागे सरून पाहिलं आणि पुसून जरा डावीकडे काढलं. पुन्हा भिंतीला पाठ लावून ते डॉक्टरला म्हणाले, "आता तपासा."

डॉक्टर हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने दोन बोटांनी माझ्या धोतरावरच्या वर्तुळात दाबलं.

"आई गं!" समोरून रावसाहेब कळवळले.

डॉक्टरने जरा वर दाबलं. रावसाहेब गप्प. खाली दाबलं. "हो, हो, तिथे! सावकाश!" अशी बराच वेळ तपासणी झाली. माकडहाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, बरं व्हायला वेळ लागेल, असं निदान झालं. ते माझ्या अंगावर झालेलं असलं तरी रावसाहेबांना तंतोतंत लागू पडलं. डॉक्टरने साहेबाला सांगितलं, "हमालाला बसता आलं नाही तर तो काम करू शकतो. कारकुनाला बसता आलं नाही, तर तो काय करणार? याला मी कामाला असमर्थ समजतो." साहेबाला हे पटलं. मी त्या संध्याकाळी कल्याणच्या बाजारातून घरी गेलो, तेव्हा दुकानदार पाठीमागून का हसत होते हे मला घरी धोतर बदलताना, न पुसलेलं वर्तुळ दिसल्यावर कळलं.

औषध सुरू झालं. डॉक्टरने टर्पेंटाइनच्या वासाचं एक तेल दिलं, त्याचा खर्च विम्यातून. पण काकूंचा, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नीचा, विश्वास आपल्या वैद्यावर. त्याच्या लेपाचा खर्च मात्र विमा देणार नव्हता, कारण वैद्य कंपनीचा नव्हता. कुणाचाच अपमान नको म्हणून रावसाहेबांनी डाव्या बाजूला डॉक्टरचं तेल आणि उजव्या बाजूला वैद्याचा लेप लावायला सुरुवात केली. "ज्याची बाजू आधी बरी होईल, तो खरा," असं ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते. मी कचेरीतून येताजाता त्यांच्याकडे डोकावायचो, तेव्हा दोन्ही बाजूंची हकिगत ऐकून घ्यावी लागे.

एके दिवशी काकूंनी मला ओसरीवर गाठलं.

"अहो, तुमच्या त्या विम्याला सांगा, आता पुरे कर म्हणावं."

"का हो काकू? पैसे वेळेवर येत नाहीत?"

"पैसे येतात हो. पण इकडून सबंध दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभं राहणं होतं. बसता येत नाही ना! फोडणीत मोहरी किती, आमटीत मीठ किती, कणीक किती सैल, सगळं विचारणं होतं. काल मला भाताची शितं मोजून घाल म्हणाले. मी काय मालगाडी भरत्येय?"

विम्यात बायकोच्या त्रासाची तरतूद नव्हती.

थोड्याच दिवसांत काकूंच्या भावाच्या घरी, डोंबिवलीला, मुंज निघाली. डोंबिवली तेव्हा भातशेतांमधली लहानशी वस्ती. मलाही आमंत्रण होतं. रावसाहेब बैलगाडीत गवतावर पालथे पडून, मान गाडीच्या मागे बाहेर काढून सगळी वाट आले. मागून चालणाऱ्या प्रत्येकाशी त्यांच्या गप्पा झाल्या.

पंगत बसली. रावसाहेब उभेच. उभ्याने जेवायचं तर शास्त्र आड येतं, आणि बसायचं तर माकडहाड. यजमान अवघडून गेले. काकू खांबाआडून बघत होत्या. वरणभात झाला, भाज्या झाल्या, आणि रावसाहेब उपरणं सावरत माझ्या पाटाशेजारी उभे राहून सांगत होते की, माझ्या वाटणीचं तू जेव. तेवढ्यात वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला. गरम, पाकाने निथळणारी. माझ्या शेजारचा पाट रिकामा होता.

रावसाहेब बसले.

हळूहळू, टेकत टेकत, असं काही नाही. मांडी घालून, धपकन, जसे पूर्वी बसायचे तसे. पंगतीतल्या माना तिकडे वळल्या. त्यांनी जिलबी उचलली, खाल्ली, दुसरी घेतली. तिसरी तोंडाशी नेताना त्यांच्या लक्षात आलं.

"अरे," ते मला हळूच म्हणाले, "मी बसलोय."

"होय, रावसाहेब."

"दुखत नाहीये रे."

"मग आता?"

त्यांनी तिसरी जिलबी हातात धरून विचार केला. "आता काय, उद्या साहेबाला सांगायला हवं." आणि मग ती खाल्ली. काकूंनी खांबाआडून देवाला हात जोडले.

कुणी पाहिलं नव्हतं असं नाही, पण साहेबाला सांगणारं तिथे कुणीच नव्हतं. रावसाहेबांनी मनात आणलं असतं तर अर्धा पगार घेऊन आणखी बरेच दिवस उभं राहता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच साहेबापुढे गेले.

"साहेब, मी काल बसलो."

"किती वेळ?"

"जिलबी संपेपर्यंत."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी जिलबीचं इंग्रजी करू शकलो नाही. साहेबाने पुन्हा डॉक्टरला बोलावलं, कारण बरं झाल्याचंही डॉक्टरनेच सांगायला हवं होतं. कचेरीच्या मधोमध रावसाहेबांची खुर्ची ठेवली. दारात हमाल, खिडकीत सांधेवाले. डॉक्टरने हातात घड्याळ धरलं. रावसाहेबांनी पगडी नीट केली आणि बसले. बसून राहिले. जरा वेळाने पुढ्यातली लेखणी उचलून त्यांनी शाईत बुडवली, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "ठीक आहे, हा कामाला समर्थ आहे." हमालांनी टाळ्या पिटल्या. तेल की लेप, याचा निकाल मात्र लागला नाही. दोन्ही बाजू एकदमच बऱ्या झाल्या होत्या, आणि वैद्य मरेपर्यंत म्हणत राहिला की डावी बाजूसुद्धा उजवीच्या पुण्याईने सुधारली.

त्यानंतर काही दिवसांनी मी सहज रावसाहेबांच्या घरी गेलो, तर काकू चुलीशी बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, आता स्वयंपाक निवांत होत असेल?"

"होतो हो," त्या म्हणाल्या. आमटी डावाने ढवळली. मग रिकाम्या दाराकडे बघत म्हणाल्या, "पण मीठ कमी झालं की जास्त, हे आता मला जेवताना कळतं."