फूल आलं का?

माणसाने अभ्यासू असावं, पण आमच्या साडभाऊंइतकं असू नये. एवढा अभ्यासू माणूस नात्यात निघाला की बाकीच्या सगळ्यांचं आपोआप अभ्यासाचं साहित्य होऊन जातं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवतात आणि मोबाइलमुळे घरातल्या माणसांचं एकमेकांशी बोलणं कसं बदललं, यावर पीएच.डी. करतात. कधीपासून ते विचारू नका. सुरुवात केली तेव्हा त्यांची मुलगी तिसरीत होती, आता तिची बारावी झाली. त्यांना चारचौघांत न्यायची सोय नाही. गिरडला एका नातेवाइकाकडे तेरवीला गेलो होतो. पंगत बसली, घरधनी वरणाची बादली घेऊन वाढत आला, तर हे मान वर करून विचारतात, "ही बातमी तुमाले पह्यले कोणत्या माध्यमातून भेटली? फोन का व्हॉट्सॲप?" तो बिचारा म्हणाला, "माहा बाप होता जी तो. मी उशालेच बसलो होतो." साडभाऊ "म्हणजे प्रत्यक्ष" असं पुटपुटले आणि त्यांनी भातावर वरण वाढून घेतलं. मी माझं पान उचलून लांब जाऊन बसलो.

सासरच्या माणसांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. एका दिवाळीत हिंगणीला सासूबाईंकडे सगळे जमलेलो, तोंडात कोथिंबिरीची सांबारवडी, अशा वेळी यांनी विचारलं, की ग्रुपवरचं बोलणं अभ्यासाला वापरलं तर चालेल का? तोंड भरलेलं असलं की माणूस नुसती मान हलवतो; तोच आमचा होकार. त्या दिवसापासून साडभाऊ ग्रुपवर मुके झाले. "निरीक्षकानं मधात बोलायचं नसते, भाऊजी. पाणी ढवळलं का मासोया दिसत नाई." मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, सगळ्यांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला, बाप गप्प. एकदा कोणीतरी हिंगणीजवळच्या बोर धरणाच्या भिंतीवर ओळीने बसलेल्या वाघांचा फोटो टाकला. तो एआयने बनवलेला आहे हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं, तरी अफवा कशी पसरते ते पाहायला गप्प बसून राहिले. मी मात्र घाबरून हिंगणीचं जाणं रद्द केलं. वर मलाच विचारतात, "तुमाले ते खरं काऊन वाटलं?" मी जे उत्तर दिलं ते प्रबंधात छापण्यासारखं नव्हतं.

आता सासूबाईंचं सांगतो. त्या हिंगणीला एकट्याच राहतात, वांगी-भेंडी लावतात, बाजाराला पाठवतात आणि रोज सकाळी उठल्याउठल्या ग्रुपवर कुठल्यातरी फुलाचं चित्र टाकतात. खाली 'शुभ सकाळ'. साडभाऊंनी ग्रुपवरचे सगळे निरोप एआयकडून निवडून घेतले, तेव्हा त्याने लग्नकार्य, औषधपाणी, राजकारण असे गट पाडले आणि सासूबाईंची झाडून सगळी फुलं 'माहितीशून्य' या गटात टाकली. साडभाऊ असे भडकले की मशीनशीच भांडतील. "म्हातारी उठली, बरी आहे, तिले आपली आठवण आहे, एवढी माहिती आहे न त्यात! शून्य कसं म्हणून राह्यला हा?" झालं, या फुलांवर एक अख्खं प्रकरण लिहायचं ठरलं. माणूस पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोलला होता. पण मुलाखत घ्यायला हिंगणीला गेले आणि प्रश्नावलीतला प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला, "तुम्ही रोज फूल पाठवता, ते कोणी पाहतं असं तुम्हाला वाटतं का?"

सासूबाईंचा चेहरा बारीक झाला. "काऊन? कोनी नाई पाहत का?"

इथे कोणीही शहाणा जावई "पाहतो न, आई" म्हणाला असता. हे म्हणाले, "मले काही सांगता येत नाई. तुमचं उत्तर पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून फूल बंद. ग्रुपवर कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी तर फुलं न बघताच पुसून टाकायचो. ध्यानात आलं ते एकट्या साडभाऊंच्या. माझ्या दुकानात येऊन खतांच्या पोत्यावर बसले, तोंड उतरलेलं. मी म्हणालो, "मग टाका न ग्रुपवर, आई फूल पाठवा म्हणून."

"माह्या बोलण्यानं आलं, तर प्रकरण बाद होते, भाऊजी. इतक्या वर्साचं काम."

"आन् नाईच आलं तर?"

ते पोत्याची सुतळी उसवत बसले. माझं डोकं असं तापलं की समोरचं गिऱ्हाईक परत गेलं. म्हातारी तिकडे मनाला लावून घेऊन बसलेली आणि हा गृहस्थ इकडे प्रकरण सांभाळतोय! मेहुणीने तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

आणि मग एका सकाळी ग्रुपवर साडभाऊंचा निरोप आला, त्या दिवाळीनंतरचा पहिलाच. परसातल्या कोहळ्याचं फूल, तोडून तळहातावर ठेवलेलं, फोटो हललेला, कोपऱ्यात त्यांचंच बोट. खाली लिहिलेलं, "आई, मी रोज पाहतो." दुपारी सासूबाईंचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, "जवाईबापू, फूल काऊन तोडलं? कोहळं लागलं असतं न त्याले." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा गुलाब हजर.

मार्गदर्शकांनी अर्थातच सांगितलं, की निरीक्षकानेच पाणी ढवळलं, आता हे प्रकरण चालणार नाही, नव्याने सुरुवात करा. ते करताहेत. मौन एकदाचं सुटल्यापासून ग्रुपवर इतकं बोलतात की मुके होते तेच बरे होते, असं आम्ही सगळे एकमुखाने म्हणतो. सासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही. फूल कधी दुपारी येतं, कधी कालचंच पुन्हा येतं, आणि यायला जरा उशीर झाला की मी दुकान उघडायच्या घाईत असताना साडभाऊंचा फोन वाजलाच म्हणून समजा. "भाऊजी, फूल आलं का? माह्या मोबाइलवर दिसत नाई."

"आलं, आलं! ठेवा आता!" मी खेकसतो आणि फोन बंद करतो. मग शटरची किल्ली हातात तशीच धरून, खरंच आलं का ते पाहत उभा राहतो.