चोळीचं माप
नात मोबाइलवर ड्रेस मागवते, म्हणून काल तिच्या छातीला टेप धरली आणि इब्रामपूरची आमची शेणाने सारवलेली ओसरी आठवली. होणारी सासू लग्नाच्या चोळीचं माप घ्यायला आली होती. मी काडीसारखी, मुलगी बारीक म्हणून आधीची दोन स्थळं मोडली होती. आई कानात म्हणाली, "श्वास भरून धर गो." सासूने छातीभोवती दोरा गुंडाळला आणि हसली. "श्वास सोड गो. चोळी तुका शिवूची आसा, फुग्याक नाय." मी श्वास सोडला तसा दोरा चार बोटं सैल पडला. आई रडकुंडीला आली. सासूने माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाली, "हाडां घट आसत. कामाक बरी." लग्नात चोळी चपखल बसली. तिच्या घरचं काम मी अजून करते आहे आणि आता दमले आहे.