जज्जाच्या भावाचा फेटा

"कुणी बांधला रं ह्यो फेटा?"

"लालासाहेबानं. जत्रंला जीप धाडली हुती, दादा. जज्जाचा भाऊ म्हणून पंक्तीत पयला मान! रस्सा तर असा..."

"आन् तू गिळलास?"

"मग काय ताटावरनं उठू? तेवढं त्याच्या हिरीचं बघा की."

"मटान तुज्या पोटात, आन् वास माज्या तोंडाला. थू तुज्या!"

मुन्सफ कृष्णात सपकाळ कोर्टाला निघाला होता. धाकटा भाऊ केरबा दारातच आडवा आला होता.

कृष्णात मेढ्याकडच्या डोंगरातला. बाप पलटणीत हवालदार. त्याच्या पेन्शनीवर पोरगा कोल्हापुरात कायदा शिकला. साताऱ्यात सहा वर्षं वकिली केली, पण साक्षीदाराकडनं खोटं घोकून घेताना त्याला मळमळायचं. म्हणून मुन्सफाची परीक्षा दिली. १९७४ साली सांगलीकडच्या एका तालुक्याला बदली झाली. ना कुणाची द्राक्षाची पेटी घेतली, ना कुणाच्या लग्नात अक्षता टाकल्या. बायको म्हणायची, "तुमी जज्ज झालासा आन् आमी वाळीत पडलो."

आणि आज हे. विधवा बनुबाईची विहिरीतली निम्मी वाटणी पुतण्या लालासाहेबानं दाबली होती. पाच वर्षं दावा चालला. निकाल लिहून झाला होता, म्हातारीच्या बाजूनं. आज फक्त वाचायचा होता. फेटा दडवावा, तर आपणही त्याच पंक्तीला बसलो. सांगावं, तर तिचा वकील दुसरा जज्ज मागणार. म्हणजे आणखी पाच वर्षं, आणि म्हातारी सत्तरीची.

त्यानं भर कोर्टात सगळं सांगितलं. मटणासकट.

"आमची काय हरकत न्हाई, साहेब!" लालासाहेब गालात हसत आधीच बोलून मोकळा झाला.

बनुबाईचा वकील ताडकन उठला. तिनं मागनं त्याचा कोट ओढला. "बसा वो! खाल्लेला माणूस ढेकर दाबतोय. ह्यो बाबा भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडतोय. वाचू द्या त्यास्नी."

कृष्णातनं निकाल वाचला. निम्मी विहीर बनुबाईची.

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. लालासाहेब तरातरा दाराकडं गेला आणि मागोमाग येऊन तिथं उभ्या राहिलेल्या केरबावर खेकसला, "दोनदा वाढून घेतलंस की रं भाड्या!"

ते वर खुर्चीपर्यंत ऐकू आलं. कृष्णातनं पाण्याचा घोट घेतला, पुढची फाईल ओढली.

"हं, पुकारा."

बांधावरच्या बाभळीचा दावा होता. साक्षीदार पिंजऱ्यात चढला, हात वर करून म्हणाला, "देवाशपथ खरं सांगीन."

कृष्णातनं टाक शाईत बुडवला. "सांगा."