न पाहिलेल्या मरळीचा इसार

करडीच्या लिलाधर ढिवराला गाव दोन गोष्टींसाठी ओळखतं. एक म्हणजे, मरळ मासोळी पकडावी तर त्यानेच. दुसरी, पस्तिशी गाठली तरी या गड्याचा कॉम्प्युटरवरचा खेळ काही सुटला नाही. जाळं वाळत घातलं की तो जुन्या लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसायचा. आणि खेळ तरी कसला? मासेमारीचाच!

"दिवसभर मासोळ्या, घरी आले का पुन्हा मासोळ्याच मारून राहिले," त्याची बायको नंदिनी म्हणायची. "त्या मासोळीचा रस्सा तरी होते का?"

लिलाधर नुसता हसायचा. त्या खेळात समुद्र होता, आणि बिचाऱ्याने समुद्र कधी पाहिला नव्हता.

खेळाचा नवा भाग दिवाळीला येणार होता. आधीच पैसे भरणाऱ्याला सोनेरी होडी फुकट! जाहिरात वाचून त्याचा जीव वरखाली झाला. आता, इंटरनेटवरून उतरवायचा खेळ संपणार थोडाच? पण डोकं शेवटी ढिवराचं. मरळी जाळ्यात दोन-चारच लागतात. ज्याने आधी इसार दिला, त्याच्या घरी जातात. मागून येणाऱ्याने झिंगे घेऊन घरी जावं.

त्याच सकाळी गावातल्या सुलोचनाबाई असाच इसार देऊन गेल्या होत्या. त्यांची लेक रुपा ऑपरेशन होऊन बाळंत झाली होती, अंगात त्राण नव्हतं; ताकद यायला तिला ताज्या मरळीचा रस्सा द्यायचा होता.

"गुरुवारी जिवंत मरळ पायजे, लिलाधर. पक्कं ना?"

"पक्कं, काकू. दुसरीकडे पाहूच नका."

काकूंच्या पैशात स्वतःचे घालून त्याने खेळाचे पैसे भरून टाकले. नंदिनीने कपाळावर हात मारला.

"पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल! कायले एवढी घाई?"

"अन् काकूची मरळ कुठं आहे? तेही पाण्यातच आहे ना?" लिलाधर म्हणाला. आपण मोठं बिनतोड बोललो, असं त्याला वाटलं.

गुरुवारी जाळ्यात कतला आला, रोहू आला, मरळ नाही. शुक्रवारीही नाही. अशा वेळी 'पुढच्या हप्त्यात देतो' असा निरोप धाडून मोकळं व्हायची त्याची जुनी खोड. तो फोन हातात घेतो न घेतो, तोच खेळवाल्यांचा संदेश आला. खेळ लांबला आहे, कृपया वाट पाहा. किती दिवस, त्याचा पत्ता नाही.

"पैसे घेतले तवा तारीख पक्की होती ना!" लिलाधर असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. नंदिनीने फक्त मरळीसाठी ठेवलेल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं. मग मात्र त्याने फोन खिशात घातला, सायकल काढली आणि स्वतःच सुलोचनाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काकू, मरळ नाही भेटली. तुमचे पैसे वापस करतो."

"पैशाचं काय घेऊन बसला, बाबू," सुलोचनाबाई म्हणाल्या. "काल बजारात जिवंत मरळ आली होती. तू पक्कं म्हणला, म्हणून म्या घेतली नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आत रुपा भिंतीला टेकून बसली होती, पोराला मांडीवर घेण्याचंही बळ नव्हतं. लिलाधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे परत करता येत होते. पण त्याच्या भरवशावर हातची गेलेली ती मरळ तो कुठून परत करणार होता?

फाटकाबाहेर येऊन त्याने आधी खेळाची नोंदणी रद्द केली. ते पैसे चार दिवसांनी येणार होते. मग कतला-रोहू विकून आलेल्या पैशांत त्याने पलीकडच्या गावच्या सोमाजी ढिवराकडून, तो म्हणेल त्या भावाने, मरळ घेतली. सोमाजीने थट्टा केली, ती मुकाट्याने ऐकून घेतली.

बादलीत मरळीने शेपटी आपटली, तसा सुलोचनाबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच पदराची गाठ सोडली. "पुढच्या गुरुवारचाही इसार घेऊन ठेव."

लिलाधर दोन पावलं मागे सरला.

"नाही, काकू. मासोळी डोळ्यानं पाहा, मंग पैसे द्या. अन् बजारात दुसऱ्याजवळ दिसली, तर घेऊन टाका. माह्यासाठी थांबू नका."